‘काही नाही, घरीच असते’

वैद्यकीय महाविद्यालयाची मुलं आरोग्य पाहणीसाठी वस्तीत येतात, तेव्हा शिक्षण, काम आणि मिळकत का विचारतात? शहरी घरांसाठी १९७६ साली कुप्पुस्वामी यांनी एक मोजपट्टी केली. तीत कुटुंबप्रमुखाच्या शिक्षणाला जास्तीत जास्त ७ गुण, कामाला १० आणि घराच्या महिन्याच्या मिळकतीला १२, एकूण २९. त्यावरून घर पाच वर्गांपैकी कुठे बसतं ते ठरतं. महागाई वाढते तसे मिळकतीचे आकडे बदलतात.

आमच्या गटातल्या एका ताईंकडे अशीच पाहणी झाली. “तुम्ही काय करता?” “काही नाही, घरीच असते.” शेजारी शिलाई मशीन, त्यावर अर्धा शिवलेला ब्लाऊज! मिळकत म्हणून त्यांनी मालकांचा पगार तेवढा सांगितला. पुढच्या बैठकीत आम्ही त्यांची वही उघडून हिशेब मांडला. गटाचा हप्ता, मुलीची फी, सगळं मशीनवरच चाललेलं. ताई बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिल्या.

या मोजपट्टीत शिक्षण आणि काम एकट्या प्रमुखाचं धरतात, ही तिची उणीव आहेच. पण मिळकत सगळ्या घराची धरतात. तिथे आपले पैसे आपणच गाळले, तर कागदावर दुसरं कोण लिहिणार? आणि घर एकटीच्या जिवावर चालत असेल, तर ‘प्रमुख मीच’ असं न लाजता सांगायचं.

आज रात्री आपापल्या वहीत महिनाभराची स्वतःची कमाई मांडून बघा. पुढच्या वेळी कुणी विचारलं, की ‘काही नाही’ म्हणायचं नाही. आपलं काम सांगायचं.