विद्यापीठ कोणाच्या पैशाने, कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मुंबई विद्यापीठाविषयी बोलायचे म्हटले की राजाबाई मनोऱ्यापासून सुरुवात करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मीही तेथूनच करतो. परंतु त्या मनोऱ्याकडे आपण अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहू. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून तो उभा राहिला आणि १८७८ साली पुरा झाला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात कापसाच्या व्यापाऱ्यांचे दैव उघडले. देणगी त्या तेजीतली. कापूस मात्र खानदेश, वऱ्हाड व गुजरातच्या शेतकऱ्याने पिकविलेला. मनोऱ्याला नाव देणगीदाराच्या मातोश्रींचे मिळाले; ज्यांच्या कष्टावर ती तेजी उभी होती त्यांचे नाव कोठेच नाही.

हा हिशेब प्रथम मांडला तो महात्मा फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट म्हटले की, सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या श्रमातून येतो आणि उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनातली दुसरी मागणी फारशी कोणी सांगत नाही. महाविद्यालयात न जाता घरी अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठाने पदवीपरीक्षांना बसू द्यावे, असे त्यांनी सुचविले होते. म्हणजे फुल्यांना विद्यापीठ नको नव्हते. त्याचे दार मोठे करून हवे होते. मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले ते १९७१ साली. ह्या दोन तारखांमध्ये जवळजवळ नव्वद वर्षांचे अंतर आहे, हे लक्षात ठेवावे.

१८ जुलै १८५७ रोजी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा उत्तरेत उठावाचा वणवा पेटलेला होता. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरची ही संस्था केवळ परीक्षा घेणारी होती. सरकारला कारभारासाठी इंग्रजी जाणणारी माणसे हवी होती. १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. राज्यकर्त्यांचा अंदाज येथेच चुकला. रानड्यांनी सरकारी नोकरीत राहून ह्या देशाच्या दारिद्र्याची मीमांसा केली. १८८५ साली मुंबईतच राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले, त्यात ह्याच नवशिक्षित वर्गाचा पुढाकार होता. १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले. लॉर्ड कर्झनने १९०४ चा विद्यापीठ कायदा करून विद्यापीठांवरील सरकारी पकड घट्ट केली आणि गोखल्यांनी कायदेमंडळात त्याला कसून विरोध केला, तो ह्या पार्श्वभूमीवर. सिनेट कोणाच्या हाती असावी, हा वाद आजचा नाही.

परंतु रानडे–गोखल्यांचे विद्यापीठही मूठभरांचेच होते. १९१२ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झालेल्या डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना मागासवर्गीयांचा प्रश्न मांडला. नुसते बोलून ते थांबले नाहीत. १९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी सकाळचे वर्ग ठेवले, कारण त्यांचा विद्यार्थी दिवसा नोकरी करणारा होता.

दरम्यान विद्यापीठ स्वतः शिकवू लागले होते. १९१९ साली अर्थशास्त्र व समाजशास्त्राचा विभाग निघाला. पॅट्रिक गेडिस आले, त्यांच्यामागून घुर्ये. घुर्यांच्या हाताखाली अ. रा. देसाई यांनी भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर प्रबंध लिहिला. महालनोबिस यांच्या अवजड उद्योगप्रधान आराखड्याला १९५६ साली वकील व ब्रह्मानंद यांनी ह्याच विभागातून पर्याय मांडला : कष्टकऱ्याच्या रोजच्या गरजेच्या वस्तूंचे उत्पादन आधी वाढवा. नाशिक तुरुंगातील ज्या चर्चांतून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष आकाराला आला, त्यांत सहभागी असलेले दांतवाला येथे प्राध्यापक होते. १९६५ साली ते कृषी मूल्य आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. शेतकऱ्याला भाव किती मिळावा, ह्याचा विचार करण्याचे काम विद्यापीठातल्या माणसाकडे आले, ही त्या जुन्या कर्जाची थोडीफार फेड म्हणावी लागेल. विद्यापीठाचा १९३३ पासून रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग होता. गिरगावातील पालिकेच्या शाळेत शिकलेले रघुनाथ माशेलकर तेथूनच १९६६ साली पदवीधर झाले. कराचीपासून धारवाडपर्यंतची महाविद्यालये एकेकाळी ह्याच विद्यापीठाला जोडलेली होती. पुणे, गुजरात व कर्नाटक ही विद्यापीठे पुढे त्यांतून वेगळी झाली. १९८५ पर्यंत गोव्याचा पदवीधरही येथलाच.

एक आठवण सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी कलिन्याला एम.ए.च्या वर्गात होतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचे वडील परळच्या गिरणीत साच्यावर कामाला. घरात पगार येणे बंद झाले, आईने खानावळीचे डबे सुरू केले, परंतु त्याचे शिक्षण सुटले नाही; कारण फी एवढी थोडी होती की एका शिकवणीत ती भागत असे. परीक्षेच्या दिवसांत तो ग्रंथालयातच बसे, कारण घरी बसायला जागा नव्हती. सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे काय, ते मला त्या वर्षी समजले.

पुढच्याच वर्षी, १९८३ साली, महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुभा मिळाली. तेव्हापासून गणित बदलले. सरकारचा हात आखडत गेला आणि ती तूट विद्यार्थ्याच्या खिशातून भरून निघू लागली. अनुदानित महाविद्यालयांच्या आवारातच जास्त फीचे स्वयंअर्थसहाय्यित वर्ग आले. कायम प्राध्यापकाच्या जागी तासिका तत्त्वावरचा शिक्षक आला. २०१९ साली समूह विद्यापीठे निघाली आणि रानडे व आंबेडकर जेथे शिकले ते एल्फिन्स्टनही मुंबई विद्यापीठातून बाहेर पडले. वेगळे होण्यास माझा तत्त्वतः विरोध नाही. पुणेही वेगळेच झाले होते. प्रश्न एवढाच की, नामांकित महाविद्यालये एकेक करून निघून गेल्यावर मागे राहिलेल्या शेकडो महाविद्यालयांतील मुलांचा भार कोण वाहणार?

आणि हा प्रश्न विचारायचा कोठे? सिनेटमध्ये. तेथे नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागा आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ती निवडणूक ऐन वेळी स्थगित झाली आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, न्यायालयीन लढ्यानंतर, पार पडली. ह्या काळात आपल्यापैकी किती पदवीधरांनी मतदार म्हणून नाव नोंदविले होते? मी हा प्रश्न मागच्या एका सभेत विचारला तेव्हा चाळीस जणांत तीन हात वर झाले. कर्झनशी झुंजणाऱ्यांचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला त्या तीन हातांनी मिळत नाही.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. प्रत्येक तालुक्यात पदवीधरांची नोंदणी करा. विद्यापीठाचा अर्थसंकल्प दरवर्षी मागून घ्या, वाचा, आणि त्यात अनुदान किती व फी किती, हे लोकांना सांगा. रिक्त जागांचा जाब विचारा. फुल्यांनी मांडलेला हिशेब १८८२ पासून उघडा पडला आहे. तो पुरा करण्याचे काम कुलगुरूंचे नाही, मंत्र्यांचेही नाही. ज्यांच्या कराच्या पैशावर विद्यापीठ चालते त्यांचे ते आहे, आणि आपण स्वतःला त्यांचे कार्यकर्ते म्हणवतो.