पोथी, पंडित आणि संगणक



जुन्या पोथीत ‘शिवोवन्द्यः’ अशी अक्षरे सलग लिहिलेली आढळली, तर त्यांचा अर्थ काय घ्यावा? ‘शिवः वन्द्यः’ असा पदच्छेद केला तर शिव वंदनीय ठरतो. ‘शिवः अवन्द्यः’ असा केला तर नेमका उलटा अर्थ निघतो. छापील ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी अवग्रहाचे चिन्ह असते. हस्तलिखितात ते पुष्कळदा नसतेच. संदर्भ जाणणारा शास्त्री क्षणार्धात निर्णय देतो. संगणकापुढे मात्र दोन्ही पदच्छेद सारख्याच योग्यतेचे असतात.

या एका उदाहरणात आजच्या विषयाचे मर्म सामावले आहे. फ्रान्समधील ज्येष्ठ संगणकशास्त्रज्ञ जेरार ह्युए यांनी संस्कृत वाक्याचा पदच्छेद करणारी प्रणाली उभी केली आणि हैदराबाद विद्यापीठाच्या संस्कृत अध्ययन विभागातील प्रा. अंबा कुलकर्णी यांच्यासमवेत या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले. २००७ साली पॅरिसजवळ संस्कृत संगणकीय भाषाविज्ञानाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. यंत्राने संभाव्य पदच्छेद सुचवावेत आणि अर्थाचा निवाडा जाणकाराने करावा, ही या कामातील स्वाभाविक विभागणी. संधीचे नियम पाणिनीय परंपरेने काटेकोरपणे बांधून ठेवले असल्यामुळे पहिला भाग शक्य झाला. दुसऱ्या भागासाठी आजही माणूस लागतो.

येथे एका लोकप्रिय समजुतीविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ‘संगणकासाठी संस्कृत हीच सर्वोत्कृष्ट भाषा, असे नासाने मान्य केले आहे’, हे वाक्य आपल्याकडील अनेक सभांतून ऐकू येते. मूळ वस्तुस्थिती अशी की, नासाच्या एम्स केंद्राशी संलग्न असलेले संशोधक रिक ब्रिग्ज यांनी १९८५ साली ‘एआय मॅगझिन’मध्ये एक निबंध लिहिला. शास्त्रीय संस्कृतातील वाक्यविश्लेषणाची पद्धती आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतील ज्ञानमांडणी यांत साम्य आहे, हे त्यांनी दाखवले. निबंध विचारप्रवर्तक आहे. वैयाकरणांच्या शाब्दबोधाची दखल एका तंत्रज्ञाने घेतली, याचा आनंद वाटणेही योग्यच. परंतु नासाने असा कोणताही निर्णय दिलेला नाही आणि तिचे संगणक संस्कृतात चालत नाहीत. अतिशयोक्तीने पाणिनीची उंची वाढत नाही. उलट, निबंध न वाचताच अभिमान बाळगण्याची सवय लागते.

विद्वान आणि तंत्रज्ञ यांच्या सहकार्याचा आद्य दाखला इटलीतील आहे. रोबेर्तो बुसा या जेझुइट धर्मगुरूंना संत थॉमस अक्विनास यांच्या समग्र वाङ्मयाची शब्दसूची करावयाची होती. १९४९ साली ते न्यूयॉर्कला आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि छिद्रांच्या कार्डांवर काम सुरू झाले. सुमारे एक कोटी दहा लाख शब्द, तीन दशकांचे श्रम आणि अखेर छप्पन्न छापील खंड! एका धर्मोपदेशकाने आपल्या ग्रंथांसाठी एवढा ध्यास घेतला, ही गोष्ट आपणही मोकळ्या मनाने लक्षात घ्यावी.

आपल्याकडे अशा कामाची मनोभूमिका संगणकाच्या कितीतरी आधी तयार होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून त्याची धुरा वाहणारे डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी बर्लिनला जाण्यापूर्वी केंब्रिजमध्ये गणिताचे शिक्षण घेतले होते. त्यांच्या पाठमेलनाच्या पद्धतीत गणिती मनाची शिस्त दिसते. आडव्या-उभ्या रेघांनी चौकटी आखलेला कागद. एका श्लोकाला एक कागद. एका चौकटीत एक अक्षर. आणि खाली एकेका पोथीतील भेद, त्या त्या अक्षराच्या नेमक्या खाली. प्रत्येक श्लोकासाठी किमान दहा पोथ्या ताडून पाहावयाच्या. काही पाठमेलन शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही झाले. एकूण १,२५९ हस्तलिखिते उपयोगात आली. सुकथनकर १९४३ साली निवर्तले, डॉ. बेलवलकर आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी काम पुढे नेले आणि १९६६ साली ते पूर्णत्वास गेले. आजचा तंत्रज्ञ त्या कागदांना निःसंकोचपणे सारणी म्हणेल.

पुढे जपानमधील क्योटोचे प्रा. मुनेओ तोकुनागा यांनी ही संहिता रोमन लिपीत संगणकावर उतरवली आणि केंब्रिजचे डॉ. जॉन स्मिथ यांनी ती तपासून शुद्ध केली. आता एखादा शब्द अठरा पर्वांत कोठे कोठे आला, हे काही क्षणांत सापडते. ज्या कामासाठी पूर्वी आयुष्य खर्ची पडले असते, ते दुपारच्या चहाआधी होते. पुण्यात सिद्ध झालेला हा ग्रंथ संगणकावर आणण्याचा पहिला मोठा ध्यास परदेशातील विद्वानांनी घेतला. त्यांचे ऋण मान्य करावे, आणि संगणकतज्ज्ञांची वाण नसलेल्या आपल्या शहराला हे आधी का सुचले नाही, हेही स्वतःला विचारावे.

या कामातील एक सूक्ष्म गोष्ट. जो पाठ संपादकाला निःसंशय वाटत नव्हता, त्याच्याखाली सुकथनकरांनी नागमोडी रेघ दिली. ‘येथे खात्री नाही’ असे सांगणारी ती प्रामाणिक रेघ आहे. साध्या टंकित मजकुरात ती उमटत नाही. तिच्यासाठी स्वतंत्र खूण ठरवावी लागते, आणि ती का हवी हे तंत्रज्ञाला संपादनशास्त्र जाणणाऱ्यानेच समजावून द्यावे लागते. तसे न झाल्यास विद्वानाची शंका यंत्रात शिरताना गळून पडते आणि पडद्यावर उरतो तो केवळ ठाम दिसणारा मजकूर. शास्त्रीबुवांना टंकलेखनाच्या चुका काढण्यापुरते बोलावणे किंवा अभियंत्याला कारकून समजणे, या दोन्ही प्रवृत्ती आपल्या संस्थांतून दिसतात. पहिल्या दिवसापासून दोघांनी एका टेबलाशी बसल्याखेरीज अशी रेघ वाचत नाही.

मराठीचा अनुभव वेगळा नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे! हा अर्धा र हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. भारतीय लिपींचा सांकेतिक मानक १९९१ साली ठरला, युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही आधीच्या भारतीय मानकावरूनच घेतलेली. तरी अनेक वर्षे कितीतरी फाँट्समध्ये हा र नीट उमटत नसे. वैदिक स्वरचिन्हांचा स्वतंत्र विभाग २००९ साली युनिकोडमध्ये आला, मोडी लिपी २०१४ साली. प्रत्येक वेळी लिपीचा जाणकार आणि संकेतप्रणालीचा जाणकार यांना एकमेकांची भाषा शिकावी लागली.

मोडीचे दफ्तर तर अजून वाट पाहत आहे. मोडीत शब्द सलग लिहिले जातात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. कागदाची छायाचित्रे काढणे हे सर्वांत सोपे काम आहे. यंत्राला वाचायला शिकवायचे, तर आधी हजारो ओळी माणसाने अचूक वाचून द्याव्या लागतात; त्यासाठी नावे, गावे, हुद्दे, जमाखर्चाच्या संज्ञा आणि फारसी शब्द अंगवळणी पडलेले असावे लागतात. असे वाचक आता मोजके उरले असून त्यांतील बरेच वयोवृद्ध आहेत. आपल्या घराघरांत मात्र संगणक अभियंता मुले-मुली आहेत. त्यांतील एखाद्याने रविवारचे दोन तास अशा वाचकाशेजारी बसून काढले, तर प्रारंभ म्हणून एका रुमालातील कागद पुरेसे आहेत.