गाण्यांतील लय आणि अक्षरांचा उच्चार

सामुदायिक गाण्यांत लय बिघडली म्हणजे दोष कोणाच्या माथीं मारावयाचा हें बहुधा आधींच ठरलेलें असतें. तबलजी समोर दिसतो, म्हणून पहिला आरोप त्याच्यावर येतो, मग पेटीवाल्यावर, आणि दोघेही निर्दोष ठरले तर एखाद्या गरीब गाणाराला "तुला तालाचें अंगच नाहीं" असें सांगून मागच्या रांगेंत बसविण्यांत येतें. मी संगीतज्ञ नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि जन्मभर मराठीच्या तासाला मुलांकडून कविता म्हणवून घेतलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. परंतु या आरोपाविषयीं मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत. कारण तसा एक खोटा आरोप मीं स्वतः केलेला आहे.

आमच्या प्रताप नगरांत आम्ही दहाबारा वयस्क मंडळी दर गुरुवारीं सायंकाळीं एका स्नेह्याच्या घरीं भजनाला जमतों. आरंभ समर्थांच्या मनाच्या श्लोकांनीं होतो. पहिला श्लोक संथ निघावा आणि दहाव्या श्लोकापर्यंत आमची गाडी उतारावर सुटल्यासारखी धांवूं लागावी, असें वारंवार घडे. तबलजी बदलून पाहिला. गुण आला नाहीं. शेवटीं एके दिवशीं पेटी मिटली, तबला गवसणींत घातला, आणि नुसत्या टाळीवर श्लोक म्हणून पाहिले. तेव्हां ध्यानांत आलें कीं, टाळी मुळींच चुकत नव्हती. आम्ही अक्षरें गिळत होतों.

मनाचे श्लोक संख्येनें 205, आणि सारे भुजंगप्रयात वृत्तांत. या वृत्ताच्या एका चरणांत 'य' गण चार वेळां येतो. म्हणजे 'यमाता यमाता यमाता यमाता' अशी चाल. 'य' लघु, त्याची एक मात्रा. 'मा' आणि 'ता' गुरु, त्यांच्या दोन दोन. एका गणाच्या पांच मात्रा, दोन गणांच्या दहा; आणि झपतालाचें आवर्तनही दहा मात्रांचेंच. त्या तालाचे विभाग दोन, तीन, दोन, तीन असे आहेत. आतां पहिला लघु समेवर घेतला तर 'मा' हें अक्षर दोन विभागांत चिरलें जातें. परंतु तोच लघु समेच्या आधीं उच्चारला आणि सम 'मा'वर घेतली, तर 'मा' दोन मात्रांचा, 'ताय' तीन मात्रांचा, असे विभाग तंतोतंत जुळतात.

येथेंच एक गंमत आहे. चरण संपतांच दुसऱ्या आवर्तनाची जी शेवटची एक मात्रा उरते, ती पुढच्या चरणाच्या पहिल्या लघूची असते. तेथें श्वासाला जागा नाहीं. आमचीं मंडळी नेमका तेथेंच श्वास घेत. तो लघु उशिरां येई, आणि ती उणीव भरून काढण्यासाठीं सारे जण पुढचीं अक्षरें घाईनें लोटीत. ही घाईच चरणामागून चरण सांचत जाई. श्वास घ्यावयाचा तो चरणाच्या शेवटच्या गुरूंतून थोडा वेळ उसना घेऊन, हें कळल्यावर निम्मा रोग तेथेंच बरा झाला.

उरलेला निम्मा रोग आपल्या बोलण्याच्या संवयींत आहे. आपण 'राम' किंवा 'घर' हे शब्द बोलतों तेव्हां शेवटचा 'अ' बहुतेक उच्चारीतच नाहीं. पद्यांत मात्र तें अक्षर पुरतें मोजलेलें असतें. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अशीं अक्षरें असतात; त्यांतील अंत्य 'अ' बोलण्याच्या ओघांत गिळला कीं एक अक्षर हरवलें, आणि लय पुढें सरकली. उलट टोंकाला जाऊन 'राम'चा 'रामा' केला तर ती मागें पडते. अक्षर हलकें असावें, पण असावें.

जोडाक्षरांचें तसेंच आहे. 'प्रकाश' या शब्दाच्या मात्रा चार. तोच 'परकाश' असा म्हटला कीं मात्रा पांच झाल्या. 'स्मरण' तीन मात्रांचा. त्याचा 'इस्मरण' झाला कीं पांच. तबलजीनें या ज्यादा मात्रा कोठें ठेवाव्या? शिवाय ठेका व्यंजनावर बसत नसतो, स्वरावर बसतो. 'स्त्री' या अक्षरांत तीन व्यंजनें आहेत. टाळी पडेपर्यंत थांबून मग जीभ हलविली तर 'ई' उशिरांच येणार. म्हणून व्यंजनें टाळीच्या किंचित् आधीं उरकावीं आणि स्वर टाळीवर यावा.

आतां माझा अपराध सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं प्रार्थनेच्या मेळ्यांत माझ्याजवळ एक खेड्यांतून आलेला मुलगा होता. आवाज गोड, पण एका ठराविक जागीं तो नेहमीं मागें राही. तो 'डोळा'ला 'डोया' म्हणे, 'माणूस'ला 'मानूस' म्हणे. मीं त्या वऱ्हाडी बोलीलाच दोष दिला आणि समारंभाच्या दिवशीं त्याला सांगितलें, "तूं नुसते ओंठ हालव, आवाज काढूं नकोस." तो निमूटपणें ओंठ हालवीत उभा राहिला, नंतर मेळ्यांत आला नाहीं.

आज मला उमगतें कीं, 'ळ'चा 'य' झाल्यानें किंवा 'ण'चा 'न' झाल्यानें मात्रा रतीभरही बदलत नाहीं. त्याची बोली तालांत होती. चुकत होता तो एकच शब्द, 'प्रकाश'. त्याचा 'परकाश' होई. पांच मिनिटें त्याच्याजवळ बसून तो शब्द टाळीवर घोटून घेतला असता तर त्याचें गाणें राहिलें असतें. मीं पांच मिनिटें वांचविलीं आणि एक आवाज घालविला.

ही विद्या कांहीं नवी नाहीं. तबलजी आणि कथक नर्तक बोल हातापायांत उतरविण्यापूर्वीं ते तोंडानें म्हणतात. त्याला पढंत म्हणतात. आमच्या विदर्भांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (1909–1968) खंजिरी प्रसिद्ध आहे. गाणारा तोच आणि वाजविणाराही तोच, त्यामुळें हाताचा आघात व शब्दाचा आघात यांत फारकत उरत नाहीं. शब्द दूरच्या माणसालाही कळे आणि ठेकाही त्याच्या अंगांत भिने. पुढें 1 एप्रिल 1955 पासून पुणें आकाशवाणीवरून माडगूळकरांचें 'गीतरामायण' सुधीर फडके यांच्या संगीतांत सादर होऊं लागलें. छप्पन गीतांची ती कथा केवळ कानानें ऐकून घराघरांत समजली, यांत स्वच्छ शब्दोच्चाराचा वांटा मोठा आहे.

यावर कोणी म्हणेल, ख्यालगायक तर शब्द मोडतो, विरघळवितो. खरें आहे; तेथें राज्य स्वराचें असतें, आणि मी बोलतों आहें तें भजन, पद व प्रार्थना यांविषयीं. तेथेंही अक्षरांवर हातोडे मारावयाचे नाहींत. पाणिनीय शिक्षेंत एक सुंदर दृष्टांत आहे: वाघीण आपलीं पिल्लें दांतांत धरून नेते, तीं पडूं देत नाहीं आणि त्यांना दांत रुतूंही देत नाहीं. वर्णोच्चार तसा असावा.

तेव्हां, घरांत मुलें गात असतील तर आठवड्यांतून एकदां वाद्यें बाजूला ठेवा. आधीं शब्द टाळीवर संथ म्हणवून घ्या. श्वासाच्या जागा ठरवा. जेथें अडेल तो एकच शब्द निराळा घोटा. मगच सूर लावा. आणि "तुला ताल नाहीं" हें वाक्य तोंडांतून निघण्यापूर्वीं त्या मुलाचा अडलेला शब्द शोधा. आमच्या गुरुवारच्या मंडळींत नवा माणूस आला कीं मी आतां त्याच्याशेजारीं बसतों. ओंठ हालविण्याचें काम मीं स्वतःकडे घेतलें आहे. आवाज त्याचा असतो.