वर्ध्यात तीन रात्री

श्रीलंकेत हल्ली एका वेगळ्या चालीचा प्रवास मूळ धरतो आहे. आठवड्याभरात सारे बेट पालथे घालण्याची घाई त्यात नसते. गॉलच्या जुन्या डच किल्ल्यात चार रात्री, मग ‘याला’ नावाच्या अरण्याच्या कडेला तीन आणि पुढे एखाद्या निवांत किनाऱ्यावर मन भरेल तोवर मुक्काम. वारसा, वन्यजीव आणि वाळू हे तिन्ही सावकाश अनुभवायचे आणि पैसे मोजायचे ते मोकळ्या वेळेसाठी. खरी ऐश तीच, हे आता जगभरच्या प्रवाशांना पटू लागले आहे.

वर्ध्यापासून समुद्र फार दूर. तरी सेवाग्रामचा वारसा, बोरचे जंगल आणि पवनारला धाम नदीचा काठ एवढे सारे या एका जिल्ह्यात आहे. कमी पडतो तो पाहुण्यांचा मुक्काम. नागपूरहून सकाळी निघालेली सहलीची बस दुपारपर्यंत सेवाग्राम, पवनार आणि विश्वशांती स्तूप उरकून परतीला लागते. उभ्या उभ्या पाहिलेले ठिकाण फोटोत येते, मनात राहत नाही.

सेवाग्राम आश्रमातल्या गांधीजींच्या बापूकुटीचेच पाहा. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावला आले. १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमातले पहिले घर, आदिनिवास, शंभर रुपयांच्या आत आणि आसपास मिळणाऱ्या सामानातूनच उभे राहावे, अशी त्यांची अट होती. बापूकुटी आधी त्यांच्या शिष्या मीराबेन यांची. माती, बांबू आणि वर कवेलू. भिंतीवर मातीतच उठवलेली शिंदीसारखी झाडे आणि चरखा आहे. घाईत आलेल्याला ती भिंत कोरीच वाटते. जरा वेळ बसले आणि उजेड तिरपा झाला, की ती चित्रे पुढे येतात. आत एक पिंजरा आणि लांब लाकडी चिमटा ठेवलेला आहे. आश्रमात साप निघाला की याच चिमट्याने जिवंत पकडायचा आणि लांब नेऊन सोडायचा. अहिंसेवरचे कितीतरी ग्रंथ जे सांगतात, ते हा चिमटा चटकन सांगतो. कार्यालयात दूरध्वनीही आहे. व्हाइसरॉयला या खेड्याशी थेट बोलता यावे, म्हणून तो सरकारने बसवला.

जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच हा विचारवंत इथे आला होता. तो या कुटीत नुसता बसून राहिला आणि एवढ्याशा घरात सात वेगवेगळ्या जागा आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. चपला काढण्याची जागा, पाहुण्याची, आजाऱ्याची, अशा त्या सात. त्यावरून त्याने केलेले भाषण पुढे जगभर वाचले गेले. वीस मिनिटांच्या भेटीत ते सुचले नसते.

पवनारला तर सावकाश प्रवासाची अख्खी गाथाच आहे. मार्च १९५१ मध्ये विनोबा भावे इथून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला निघाले, तेही सुमारे तीनशे मैल पायी. आगगाडी होती, तरी ते चालले. चालले म्हणूनच वाटेतली गावे भेटली, आणि संमेलनानंतर १८ एप्रिलला पोचमपल्लीत जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन देऊ केली. भूदान चळवळीची सुरुवात ती. भूदानासाठीची देशभरची पदयात्रा आटोपून विनोबा पवनारला परतले ते १९६४ मध्ये.

पण पवनार त्याहून कितीतरी जुने आहे. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांच्या मते वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर ती हीच. इथल्या विनोबांच्या आश्रमाच्या जमिनीत खणताना जुनी शिल्पे निघाली. भरत-राम भेटीचे शिल्प त्यांपैकीच. ते आजही आश्रमात आहे. खाली धामच्या पात्रात काळे खडक आणि त्यांत गांधीजींच्या रक्षाविसर्जनाची आठवण सांगणारी छत्री. पाय पाण्यात सोडून तासभर बसावे, असा हा काठ. विदर्भाचा किनारा म्हणावा तर हाच.

बोर व्याघ्र प्रकल्पाचा गाभा अवघा १३८ चौरस किलोमीटरचा आहे. अभयारण्य १९७० चे, व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा २०१४ चा. देशातल्या सर्वांत लहान प्रकल्पांत त्याची गणना होते. मेळघाटचा गाभा बोरच्या गाभ्याच्या दहापटीहून मोठा. पण वाघ एका जंगलात बांधून राहत नाही. पेंच, ताडोबा, मेळघाट यांच्यामधला विसावा म्हणून बोरचे मोल फार मोठे. वाघामागे गाड्या पळवल्या की सागाच्या पानावरची अस्वलाची चाहूल आणि सांबराची हाक हुकते. काठच्या गावांत पिकासाठी रात्ररात्र जागली करणाऱ्या शेतकऱ्याशी बोलल्याशिवाय हे जंगल समजत नाही. वाघ जगवण्याची किंमत तो मोजतो आणि प्रवाशाने खर्च केलेले चार पैसे त्याच्या घरी पोचायला हवेत.

ते पोचण्याच्या वाटा आहेत. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती शेतकऱ्याकडूनच घ्यावी. गाईच्या तुपातला गोरसपाक हा वर्ध्याचा खास खाऊ. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची भाजी आणि भाकर एखाद्या घरी जेवायला मिळाली, तर पंचतारांकित ताट आठवणार नाही.

तेव्हा येत्या हिवाळ्यात पाहुणे आले, की त्यांना अर्ध्या दिवसात सेवाग्राम दाखवू नका. पहिल्या संध्याकाळी गांधीजींनी लावलेल्या पिंपळापाशी प्रार्थनेला बसवा, दुसऱ्या दिवशी धामच्या काठाने चालवा, तिसऱ्या पहाटे बोरला न्या. आणि परतीचे तिकीट चौथ्या दिवसाचे काढायला सांगा.