कुत्रं पाय का चाटतं?



रोवणे सुरू झाले की दिवसभर बांधीतल्या पाण्यात उभं राहून आपल्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. रात्री आग होते, खाज सुटते. आपल्यासोबत बांधीवर येणाऱ्या कुत्र्याचे पायही त्याच चिखलात असतात. आपण हाताने खाजवतो, तेल लावतो. कुत्र्याला हात नाहीत. त्याची जीभ आणि दात हेच त्याचे हात. म्हणून ते कोपऱ्यात बसून पंजा चाटत राहतं, कुरतडतं, आणि आपण म्हणतो, "सवयच आहे त्याची."

अधूनमधून अंग चाटणं ही सवय खरी. पण रोज, तासन्‌तास तोच पंजा चाटत असेल, तर ते दुखणं आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना कुत्रं पुढे चालतं. झुडपात काही हललं तर पहिलं तेच भुंकतं. त्याचा पाय म्हणजे आपलाही आधार आहे.

आधी एकच गोष्ट बघा : एक पाय चाटतं की चारही?

एकच पाय असेल तर बहुतेक त्यात काहीतरी रुतलेलं असतं. बाभळीचा काटा, गवताचं कुसळ, बोटांमध्ये चिकटलेला गोचीड, नाहीतर तुटलेलं नख. कुसळ तर आत आत सरकत जातं, वर फक्त छोटी गाठ दिसते.

दोन-तीन किंवा चारही पाय चाटत असेल तर कारण वेगळं असतं. सततचा ओलावा, पिसवा, खरूज, किंवा एखादी गोष्ट अंगाला न मानवणं. खरूज असेल तर कानांच्या कडा आणि कोपरंही खाजतात, केस झडतात. अशा कुत्र्याला जवळ घेतलं तर आपल्याही अंगावर पुरळ उठू शकतं.

चाटल्याने खाज थांबत नाही, उलट वाढते. थुंकीने बेचकी ओली राहते, ओल्या जागी बुरशी वाढते, आणि बुरशीने पुन्हा खाज येते. पांढऱ्या कुत्र्याच्या पंजाचे केस तांबूस दिसले, आंबूस वास आला, तर हे बऱ्याच दिवसांपासून चाललं आहे असं समजा.

आता महत्त्वाचं. गावात अशा कुत्र्याला गाडीचं जळालेलं ऑईल, रॉकेल, नाहीतर कपाशीवरचं उरलेलं फवारणीचं औषध लावतात. हे करू नका. 2017 मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, काहींचे जीव गेले. ते विष श्वासातून आणि कातडीतूनही अंगात जातं. कुत्रं तर लावलेलं सगळं चाटून पोटात घेतं. मग तोंडाला फेस, थरथर, झटके. एवढं लक्षात ठेवा : पंजाला जे लावाल, ते त्याच्या पोटात जाणार.

मग करायचं काय? शेतातून आलं की साध्या पाण्याने पाय धुवा. बोटांच्या बेचक्या जुन्या सुती कापडाने नीट कोरड्या करा. धुण्यापेक्षाही कोरडं करणं मोठं. मग उजेडात एकेक बोट फाकवून बघा. वरवर दिसणारा काटा काढा, खोल असेल तर कोरू नका. गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. बोटांनी फोडू नका. गोचिडाची मादी भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते, म्हणून कुत्र्याच्या बसायच्या जागेजवळच्या फटी लिंपून घ्या आणि त्याचं पोतं उन्हात टाका.

पंजा सुजला, पू आला, ते लंगडायला लागलं, जेवण सोडलं, किंवा नाकातून रक्त आलं तर घरी थांबू नका. गोचिडातून ताप येतो, तो जिवावर बेततो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा 1962 या टोल फ्री नंबरवर फोन करा. जनावराचं इंजेक्शन अंदाजाने देऊ नका. गाईचं आणि कुत्र्याचं औषधाचं माप एक नाही.

आणखी एक. दुखऱ्या पायाला हात लावला तर घरचं कुत्रंही चावतं. पाय बघण्याचं काम लेकरांना सांगू नका. चावलं किंवा नख लागून रक्त निघालं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि रेबीजच्या लसीचे सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की पाच मिनिटं या विषयाला द्या. गटातल्या कोणाकोणाकडे कुत्री आहेत, त्यांची यादी करा. पशुसखीला सोबत घ्या आणि डॉक्टरांना एक दिवस गावात यायची विनंती करा. एकाच फेरीत सगळ्यांची तपासणी होईल, रेबीजची लसही टोचून होईल. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, आणि मग दरवर्षी.

आज संध्याकाळी बांधीवरून आल्यावर आपले पाय धुवाल, तेव्हा त्याचेही धुवा.