सोन्याची भिशी आणि सातबारा



मैत्रिणींनी दरमहा जमून वर्गणीतून सोने घ्यावे, अडचणीत आपसांत दागिना विकावा, या भिशीला हौस म्हणून हसणारे कार्यकर्ते आपल्यात आहेत. शिरूर अनंतपाळच्या कोरडवाहू मुलखात तरी त्यांनी हसू नये. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला. हक्कसोडपत्रे मात्र थांबली नाहीत. तिच्या हाती उरते ते स्त्रीधन, आणि पाऊस हुकला की तेच मोडीला निघते.

मोडीत घडणावळ बुडते, घटही कापली जाते. मैत्रिणीने दागिना घेतला तर हा पैसा दोघींतच राहतो. हे सहकाराचेच बीज होय. पण विश्वासाला काटा, हॉलमार्क आणि वहीतील नोंद यांची जोड हवी.

१९६३ साली आलेले सुवर्णनियंत्रण १९९० साली गुंडाळले गेले. बचतीची दुसरी सुरक्षित सोय नसेल, तर सोन्याविरुद्धचा उपदेश व्यर्थ होय. म्हणून भिशीचा बचत गट व्हावा, त्याला बँकेचे कर्ज मिळावे आणि सातबारावर तिचे नाव लागावे, हे आपले काम आहे. मग दागिना ही खरोखरच हौस ठरेल.