देव बदलला, ओवी राहिली
(मिरजगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



धर्म बदलला म्हणजे माणसाचे काय बदलते आणि काय उरते, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यास अपरिचित नाही. हरेगावी मतमाउलीच्या यात्रेस दर सप्टेंबरात ख्रिस्ती बांधवांबरोबर इतर धर्मांचे भाविकही लोटतात. या प्रश्नाचा एक बोलका दाखला गोमंतकाच्या खेड्यांत सापडतो. तोच आज आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. देवळे पाडली गेली. १५६० साली इन्क्विझिशन बसले. त्यानंतर १७६ वर्षांनी, १७३६ साली, त्या न्यायासनाने जाहीरनामा काढून ख्रिस्ती घरांस काय मना केले? लग्नात बायकांनी ओव्या गाऊ नयेत, नवरानवरीस हळद लावू नये, परसात तुळस ठेवू नये, बिनमिठाचा भात शिजवू नये, धोतर-चोळी वापरू नये! जे कोणी करीतच नाही, त्यास मनाई करण्याचे कारण पडत नाही. पाच-सहा पिढ्या लोटल्या तरी घरातील रीत जिवंत होती, हे त्या मनाईनेच सिद्ध होते.

यावरून ते लोक केवळ नावाचे ख्रिस्ती होते असे कोणी म्हणेल, तर ते आम्हांस मान्य नाही. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स ह्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, ते मराठी ओवीतच. नव्या धर्माची कथा मनात उतरण्यास जुनीच ओवी लागली. भाताची पहिली कणसे आजही तेथे चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीस हिंदूही तेल वाहतात, आणि शिरगावच्या लईराईची ती बहीण असे दोन्हीकडील लोक मानतात. भक्ती खरी होती आणि रीतही खरी होती.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओवीबरोबर जातही चर्चच्या उंबऱ्याआत गेली. बामण, चारडो, सुदीर हे भेद धर्मांतरानंतरही टिकले व सोयरीक जुळविताना पाहिले गेले. देव बदलला, पायरी बदलली नाही.

ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे बोलणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. वारशात हळदही असते आणि विटाळही असतो. ज्ञातीतील एखादे घर निराळ्या मार्गाने गेले, तर यादीतून त्याचे नाव खोडण्याची घाई आपण करू नये. त्या घरी अजूनही आपल्या आजीचीच ओवी म्हटली जात असेल. खोडावयाचेच असेल, तर उच्चनीचतेचे नाव प्रथम खोडावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.